परमुलखीं शिष्य झालेला गुरु

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यांत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आजच्या मेळाव्यांत आम्हीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली; परंतु विषय मात्र नेमून दिला नाहीं. आम्ही विषयाच्या शोधांत असतांनाच गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं, रोझरीची प्रार्थना आटोपल्यावर, एक माता आमच्याकडे आली. तिची कन्या शिक्षिका असून मस्कत येथील एका शाळेंत शिकविण्यास निघाली होती. ती माउली म्हणाली, "फादर, पोरीला आशीर्वाद द्या. नोकरी चांगली आहे, पगारही बरा आहे. पण तिकडे राहून ती आमची राहील ना?" आम्हीं मुलीच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला, परंतु मातेच्या प्रश्नाला त्या वेळीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजचें हें भाषण म्हणजे त्या मातेस उशिरानें दिलेलें उत्तर होय, असें समजावें.

हें उत्तर एकट्या तिच्यासाठीं आहे असेंही नाहीं. ज्या घरांतील एकही माणूस आखातांत, युरोपांत किंवा अमेरिकेंत नाहीं असें घर आतां आपल्या धर्मग्रामांत विरळाच. आणि उत्तर आम्ही आपल्या पदरचें देत नाहीं. चारशें वर्षांमागें घरदार सोडून आपल्या किनाऱ्यावर शिकविण्यास आलेल्या एका मनुष्याच्या पत्रांतून व कार्यांतून तें आम्हीं शोधिलें आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हें नांव आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. ख्रिस्तपुराणाचे कर्ते, मराठीची थोरवी गाणारे इंग्रज पाद्री, एवढा त्यांचा परिचय शाळेंतच होतो. मराठीच्या स्तुतीच्या त्यांच्या ओंव्या आम्ही आज म्हणून दाखविणार नाहीं. त्या आपण पुष्कळदां ऐकिल्या आहेत. कवि म्हणून नव्हे, तर घरापासून दूर राहिलेला एक शिक्षक म्हणून आज त्यांच्याकडे पाहावें, अशी आमची विनंती आहे.

इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांत त्यांचा जन्म झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत तेथील कॅथलिकांस उघडपणें आपला धर्म पाळणें कठीण झालें होतें. थॉमस पौंड नांवाच्या एका सुखवस्तु मित्राबरोबर, त्यांच्या नोकराचा वेष घेऊन, स्टीफन्स कांहीं काळ देशांत हिंडत राहिले. रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा असा दोघांचाही बेत होता. परंतु पौंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले व १५७५ च्या आक्टोबर महिन्यांत संघांत दाखल झाले. तेथें त्यांनीं मित्राची आठवण टाकली नाहीं. त्यांच्याच खटपटीमुळें १५७८ सालीं, पौंड तुरुंगांत असतांनाच, त्यांस संघाचे सभासद करून घेण्यांत आलें.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच जहाजांचा काफिला निघाला. त्यांत स्टीफन्स होते. २४ आक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले. आज मुंबईहून विमानानें जो प्रवास एका दिवसांत होतो, त्यास साडेसहा महिन्यांहून अधिक काळ लागला. गोव्यास येऊन तीन आठवडेही झाले नाहींत तोंच, १० नोव्हेंबरला, त्यांनीं आपल्या वडिलांस पत्र लिहिलें. पुढें इंग्लंडांत हॅक्लूट नांवाच्या ग्रंथकारानें समुद्रप्रवासांचे वृत्तांत एकत्र छापिले, त्यांत हें पत्र आलें आहे. म्हणून तें आपणांस आज वाचावयास मिळतें.

बंधुभगिनींनो, धर्मप्रसारासाठीं निघालेल्या तरुण पाद्र्याचें पत्र म्हटल्यावर त्यांत उपदेश भरला असेल असें आपणांस वाटेल. परंतु त्यांत बहुतेक ठिकाणीं, डोळ्यांना काय दिसलें तेंच लिहिलें आहे. विषुववृत्ताजवळ वारा पडतो व जहाज दिवसचे दिवस जागच्या जागीं कसें राहतें. खलाशांच्या हिरड्या सुजतात व पाय फुगतात, तो रोग कसा असतो. पंख असलेले मासे कसे उडतात. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं जहाज खडकाळ किनाऱ्याच्या अगदीं जवळ गेलें तेव्हां सर्वांनीं जीविताची आशा कशी सोडिली, हें सारें तो मुलगा बापाला सांगतो. पूर्वपश्चिम अंतर मोजण्याचें खात्रीचें साधन त्या काळीं दर्यावर्दी लोकांपाशीं नव्हतें, ही अडचणही तो समजावून देतो.

त्या पत्रांतील एक भाग तर आपल्या कोळी बांधवांनीं मुद्दाम ऐकावा असा आहे. हिंदुस्थानचा किनारा जवळ आला हें खलाशांनीं कशावरून ओळखिलें? प्रथम ह्या देशाचे म्हणून ठाऊक असलेले पक्षी दिसले. मग पाण्यावर वाहत आलेल्या माडाताडाच्या झावळ्या दिसल्या. शेवटीं पाण्यांत पोहणारे साप, आणि नाण्याएवढे वाटोळे, जणूं निसर्गानेंच छाप मारिलेले पदार्थ तरंगतांना दिसले. ह्या शेवटच्या दोन खुणा पटल्या, कीं वारा अनुकूल असल्यास दुसऱ्या दिवशीं भूमि दिसावयाचीच. आणि ती दिसलीही. उतरल्यावर पाहतात तों येथील झाडांत ओळखीचें एकही झाड नाहीं! एक द्राक्षाचा वेल काय तो युरोपांतला, पण त्याचाही येथें उपयोग नाहीं. म्हणून ह्या देशाचें पेय म्हणजे चांगलें पाणी, नाहीं तर माडाची ताडी, असें ते वडिलांस कळवितात.

हें सारें विस्तारानें सांगण्याचें कारण असें. परक्या देशीं गेलेल्या माणसाचें पहिलें कर्तव्य ह्या पत्रांत दिसतें. तें म्हणजे पाहणें. आपल्या देशासारखें येथें नाहीं म्हणून नाक न मुरडतां, येथें काय आहे तें नीट पाहणें, आणि पाहिलेलें घरच्यांना सांगणें.

पाहण्याच्या पुढची पायरी शिकण्याची. ती किती अवघड असते ह्याचा आम्हांसही थोडा अनुभव आहे. तिशींत असतां आम्हांस पुढील अभ्यासासाठीं रोमला पाठविण्यांत आलें होतें. सेमिनरींत लॅटिन शिकलों होतों, तत्त्वज्ञानाची परीक्षा उत्तीर्ण झालों होतों. तेव्हां इटालियन भाषा ती काय, असा आमचा समज होता. पहिल्याच आठवड्यांत आम्ही बाजारांत मासळी आणावयास गेलों. त्या भाषेंत मासळीला 'पेशे' म्हणतात आणि पीच नांवाच्या फळांना 'पेस्के' म्हणतात. आम्हीं मासळीवालीपाशीं मोठ्या ऐटीनें फळें मागितलीं! ती बाई पोट धरून हंसली. मग तिनें एक मासा शेपटीला धरून आमच्या नाकापुढें नाचविला, 'पेशे' म्हणाली, आणि तीन वेळां तो शब्द आमच्याकडून वदवून घेतल्यावरच मासळी तोलली. त्या दिवशीं आम्हांस राग आला होता. आज वाटतें, त्या शहरांतील आमची पहिली गुरु तीच होय. ज्या टेकडीवर स्टीफन्स ह्यांनीं येशूसंघाची उमेदवारी केली, तेथील संत अंद्रियाच्या देवळांतही आम्ही पुढें जाऊन आलों. आज दिसतें तें बर्निनी नांवाच्या शिल्पकाराचें देऊळ मागाहूनचें, सतराव्या शतकांतलें आहे. परंतु तेथें गुडघे टेकतांना आमच्या मनांत आलें, कीं ह्याच जागेवरून एक इंग्रज तरुण आमची भाषा शिकावयास निघाला होता, आणि आम्हांस मात्र एका माशाच्या नांवाचा राग आला!

फादर स्टीफन्स ह्यांचें बहुतेक आयुष्य साष्टींत गेलें. ही साष्टी गोव्याची. आपल्या ठाण्यामुंबईकडची नव्हे. मडगांव, रायतूर हीं गांवें तिच्यांतलीं. येथें ते लोकांत राहून त्यांची बोली शिकले. २४ आक्टोबर १५८३ रोजीं, गोव्यास उतरल्याला बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, त्यांनीं पॅरिसमध्यें असलेल्या आपल्या भावास पत्र लिहिलें. येथील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानांस कटु वाटत नाहींत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळती आहे, असा अभिप्राय त्यांनीं त्यांत दिला. सर विल्यम जोन्स ह्यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या नात्याविषयीं कलकत्त्यास प्रसिद्ध भाषण केलें तें १७८६ सालीं. म्हणजे त्यापूर्वीं दोनशें वर्षें ही गोष्ट एका शिक्षकाच्या ध्यानांत आली होती.

परंतु त्याच पत्रांत रक्ताचीही वार्ता आहे, आणि ती आम्ही आपणांपासून लपविणार नाहीं. त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं साष्टींतील कुंकळ्ळी गांवीं फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. आपण त्यांस हुतात्मे म्हणून मान देतों, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यापूर्वीं साष्टींतील देवळें पोर्तुगीज सत्तेनें पाडिलीं होतीं. आणि ह्या घटनेनंतर गांवच्या प्रमुखांस किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें, हेंही इतिहासांत लिहिलें आहे. महोत्सवाच्या दिवशीं अर्धीच गोष्ट सांगणें धर्मगुरूला शोभत नाहीं. ज्या मुलखांत फादर स्टीफन्स शिकवीत होते, तो मुलूख असा दुखावलेला होता.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच्या प्रसंगाचा अर्थ उमगतो. मुलांचें धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पुढें येतो व पाद्रीगुरूस विचारतो: आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वाचूं देत नाहीं, मग त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास तुम्हीं दुसरें पुराण कां दिलें नाहीं? ह्या प्रश्नांत गाऱ्हाणें आहे. ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याच्या पक्षाचा शिक्षक अशा शिष्याला दटावून खालीं बसवूं शकला असता. परंतु फादर स्टीफन्स ह्यांनीं प्रश्न मान्य केला. ह्या माणसांचें कांहींतरी हिरावलें गेलें आहे, आणि त्यांना पोर्तुगीज पोथी देऊन तें भरून निघणार नाहीं, हें त्यांस कळलें. म्हणून त्यांनीं ओंवी हातीं घेतली. आपले संत ज्या छंदांत बोलले, तो छंद पन्नाशी उलटलेल्या त्या इंग्रजानें शिकून घेतला, आणि सुमारें अकरा हजार ओंव्या रचिल्या. एका शिष्याच्या गाऱ्हाण्याला दिलेलें एवढें मोठें उत्तर आमच्या वाचनांत दुसरें नाहीं. जें हिरावलें गेलें तें त्यानें परत आलें असें आम्ही म्हणत नाहीं; पण शिक्षकानें गाऱ्हाणें ऐकिलें, एवढें खरें.

तें पुराण १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांत छापिलें गेलें. तेंही रोमन अक्षरांत. ह्याचेंही एक कारण आहे. १६०८ सालीं त्यांनीं रोमला आपल्या संघाच्या मुख्य अधिकाऱ्यास लिहिलें, कीं ह्या देशच्या भाषेंत व ह्या देशच्याच लिपींत पुस्तकें छापिलेलीं पाहावीं अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. मलबारच्या बाजूस तमिळ अक्षरांचे ठसे पूर्वींच झाले होते. परंतु येथील अक्षरें युरोपांतल्यासारखीं चोवीस नव्हेत. काना, मात्रा, जोडाक्षरें धरून ठशांची संख्या सहाशांच्या घरांत जाते, ही अडचणही त्यांनीं प्रांजळपणें मांडिली. त्यांची ती इच्छा त्यांच्या हयातींत पुरी झाली नाहीं. देवनागरी ठसे वापरून मराठीचें व्याकरण छापिलें गेलें तें १८०५ सालीं, बंगालांतील श्रीरामपुरास. आज शाळेंतलें लहान मूलही खिशांतल्या यंत्रावर बोट फिरवून तीं सहाशें अक्षरें उमटवितें, आणि आईला लिहावयाचा मजकूर मात्र त्याला सुचत नाहीं.

आतां त्या मातेच्या प्रश्नाकडे वळूं. एवढें शिकून, एवढे आपल्यांतले होऊन, फादर स्टीफन्स घरच्यांचे राहिले काय?

१५८३ च्या अखेरीस चार इंग्रज कैदी गोव्यास आणण्यांत आले. त्यांपैकीं व्यापारी राल्फ फिच व जॉन न्यूबेरी हीं नांवें इतिहासांत आहेत. होर्मुझ येथें हेर म्हणून पकडून त्यांस इकडे पाठविलें होतें. हे लोक फादर स्टीफन्स ह्यांच्या धर्मपंथाचे नव्हते. ज्या राणीच्या राज्यांत त्यांचा मित्र पौंड तुरुंगांत खितपत पडला होता, तिच्याच दरबारची पत्रें घेऊन ते निघाले होते. तरी त्यांची सुटका व्हावी म्हणून फादर स्टीफन्स झटले. जामिनावर ते सुटले, आणि न्यूबेरीनें गोव्याहून लिहिलेल्या पत्रांत ह्या उपकाराची कृतज्ञतेनें नोंद केली. घरापासून हजारों कोस दूर, आपल्यास ज्यांनीं घराबाहेर काढिलें त्यांच्याच माणसांस हा मनुष्य आपलीं माणसें म्हणून ओळखितो. मराठी शिकल्यानें त्याचें इंग्रजपण गळून पडलें नव्हतें. आमच्या मतें, दुसऱ्याचें दुःख समजून घेण्याची संवय त्याला येथें लागली, आणि तीच त्या तुरुंगाच्या दाराशीं त्याच्या देशबांधवांच्याही उपयोगी पडली.

तेव्हां, बाई, आपणांस आमचें उत्तर असें आहे. आपली मुलगी तेथें शिकविण्यास जात आहे. तिनें तेथें शिकावेंही. शेजारणीची भाषा, वर्गांतल्या मुलांचीं गाणीं, त्यांच्या सणांचीं नांवें तिनें शिकावीं. त्यानें ती आपली राहणार नाहीं असें समजूं नका. जी केवळ पगार मोजते आणि सुटीचे दिवस मोजते, ती तेथील होत नाहीं आणि येथीलही राहत नाहीं, असें आमच्या पाहण्यांत आहे. आणि एक काम आपलेंही आहे. रोज रात्रीं आपण तिच्याशीं दूरध्वनीवर बोलाल. तेव्हां 'जेवलीस का' आणि 'पैसे पाठविलेस का' एवढ्यावरच थांबूं नका. 'आज काय पाहिलेंस? आज मुलांनीं तुला काय शिकविलें?' हेंही विचारा. साडेसहा महिन्यांच्या प्रवासानंतर एका मुलानें बापाला समुद्रांतल्या सापांचें वर्णन लिहिलें, तें बापाला असल्या गोष्टींची गोडी होती म्हणूनच असेल, असें आम्हांस वाटतें.

मात्र एक गोष्ट आपणांस खरीच सांगितली पाहिजे. फादर स्टीफन्स घरीं परत गेले नाहींत. चाळीस वर्षें ह्या देशांत काढून १६१९ सालीं ते गोव्यांतच वारले. ज्या बापाला तें पत्र लिहिलें त्याची भेट पुन्हा झाली नाहीं. आईबापांच्या मनांतली भीति खोटी आहे असें सांगून आम्ही आपली समजूत काढणार नाहीं. लेकरूं दूर पाठविणें म्हणजे कांहीं तरी देऊन टाकणें, आणि तें देतांना हात थरथरणारच.

शेवटीं शिक्षक बंधुभगिनींस एक विनंती. आपल्या शाळेंत आज वीटभट्टीवरच्या व इमारतींच्या कामावरच्या मजुरांचीं मुलें येऊं लागलीं आहेत. त्यांच्या घरची भाषा हिंदी, भोजपुरी किंवा गुजराती असते. त्यांना आपलें गांव हाच परदेश. त्यांच्या मराठीला हंसण्यापूर्वीं त्यांच्या बोलींतले दहा शब्द आपण शिकावे. एखाद्या मुलाचें गाऱ्हाणें असेल, तर साष्टींतल्या त्या ब्राह्मणाप्रमाणें त्यालाही तें मांडूं द्यावें.

फादर स्टीफन्स ह्यांना मराठी कोणीं शिकविली? चुकलेला शब्द कोणीं सुधारला, ओंवीची चाल कोणीं म्हणून दाखविली, त्यांचीं नांवें कोठेंही राहिलीं नाहींत. आपल्या महोत्सवाच्या अंकांत आजवरच्या सर्व धर्मगुरूंचीं छायाचित्रें छापावयाचीं ठरलीं आहेत. त्यांत परदेशाहून आलेलेही आहेत. त्यांना आपली बोली ज्यांनीं शिकविली, ते घंटा वाजविणारे, स्वयंपाक करणाऱ्या आजीबाई, पहिल्या वर्गांतलीं खट्याळ मुलें, ह्यांचीं छायाचित्रें कोणापाशींही नाहींत. ज्यांच्या घरीं अशा आठवणी असतील त्यांनीं ह्या महिनाअखेर आमच्याकडे लिहून द्याव्या, अंकांत जागा राखून ठेविली आहे.

त्या माउलीची मुलगी येत्या बुधवारीं निघत आहे. सकाळची मिस्सा तिच्यासाठीं अर्पण होईल. आपण सर्वांनीं अगत्य यावें. परमेश्वर आपणां सर्वांचें, येथें असलेल्यांचें व दूर असलेल्यांचें, कल्याण करो.